आवाज बंद करून

यात्सिरीनं लॅपटॉपवरची एक कळ दाबली आणि ग्रिसेल्दाचा आवाज गेला. पडद्यावरच्या चित्रणात ग्रिसेल्दा होती, घरच्या फरशीवर मांडी घालून बसलेली, तोंड भराभर हलवणारी, हात नाचवणारी. समोर तादेओ होता, तिचा सहा वर्षांचा मुलगा. आणि इकडे खोलीत नुसती पंख्याची घरघर उरली. "आधी आवाजाशिवाय बघू या हं, आई," यात्सिरी म्हणाली. "आवाज असला की सगळं लक्ष आवाजच खातो." शेजारी बसलेली ग्रिसेल्दा पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली. ज्या आवाजावर ती वीस वर्षं पोट भरत होती, तो या पोरीनं बोटाच्या टोकानं असा बंद केला होता, जसा कुणी दुसऱ्याच्या घरचा गळका नळ बंद करावा. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपला चेहरा कुणी पाहत नाही म्हणूनच तर तिनं कार्टूनांना आवाज द्यायचा हा धंदा पत्करला होता. देशाच्या एका टोकाच्या तिहुआनापासून दुसऱ्या टोकाच्या मेरिदापर्यंत, जिथं म्हणून टीव्ही होता तिथं मुलं तिच्या आवाजावर वाढली होती, आणि भाजीबाजारात तिला कुत्रं ओळखत नव्हतं. आवाज काढून घेतल्यावर पडद्यावर जी उरली होती ती हनुवटीखाली मांस लोंबणारी एक चाळिशीची बाई होती, जिचं तोंड मिटतच नव्हतं.

आणि वर 'आई'. मुलांच्या उपचारकेंद्राच्या या इमारतीत सगळ्या बायकांना 'आई' म्हणायची पद्धत होती. दारावरचा रखवालदार म्हणायचा, फाइल शोधणारी म्हणायची, आणि आता ही पिवळ्या नाड्यांचे बूट घातलेली, जेमतेम पंचविशीची यात्सिरी. मेक्सिको शहरात मूल झालं की बाईचं नाव जप्त होतं. डॉक्टर, बालवाडीची बाई, लस टोचणारा, सगळे तिला त्याच एका शब्दानं हाक मारतात, एक तिचा स्वतःचा मुलगा सोडून. पहिल्या दिवशी यात्सिरीनं समजावून सांगितलं होतं की इथं तादेओला काही शिकवायचं नाही. दर आठवड्याला घरी त्याच्याशी खेळतानाचं थोडं चित्रण करून आणायचं, ते दोघींनी बसून बघायचं, मूल काय करतंय आणि त्याला आपण काय उत्तर देतोय ते पाहायचं. "आपण तुमच्या दोघांच्या मधल्या जागेवर काम करतो, आई." मधली जागा. जणू दोन शेजाऱ्यांचं गाडी लावण्यावरून भांडण होतं. ग्रिसेल्दानं तेव्हाच मनात या पोरीच्या नावावर काट मारली होती. घरी एक मूल नाही, मांजरसुद्धा नसेल, आणि निघाली आईपण शिकवायला.

बाहेर बाकावर जे पालक बसायचे त्यांच्याबद्दल तर तिला शिसारीच होती. टायरच्या दुकानात काम करणारा एक जाडा बाप मागच्या खेपेला तिला म्हणाला होता, "सेन्योरा, काय सांगू, माझा आज माझ्याकडे बघून हसला." सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. लॉटरी लागल्यासारखा चेहरा, आणि लागलं काय, तर एक हसू. ग्रिसेल्दानं त्याच्याकडे बघून मान हलवली आणि मनात म्हटलं, माझा तर दिवसातून दहा वेळा हसतो. ते खरंच होतं. तादेओ हसायचा, तिच्याकडे बघायचा, तिच्यामागून घरभर फिरायचा. फक्त त्यासाठी तिला पाणमांजराचं पिल्लू व्हावं लागायचं.

कार्टूनमधल्या त्या पिल्लाचं नाव बिबो. नदीवर नाव चालवतो, बुडणाऱ्यांना वाचवतो, संकटात गाणी म्हणतो. मुलग्यांचे आवाज बायकाच काढतात, आणि या शहरात ग्रिसेल्दासारखा मुलग्याचा आवाज कुणाला साधत नव्हता. तादेओ तीन वर्षांचा असताना त्याचे होते नव्हते ते शब्द एकेक करून गेले, घरातून भाडेकरू निघून जावेत तसे, कुणाला न सांगता. मग एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून त्याला हाका मारत होती, तादेओ, तादेओ, तादी, आणि तो टीव्हीला नाक लावून उभा होता, बहिऱ्यासारखा. ती दमली, चिडली, आणि निव्वळ चिडूनच बिबोच्या आवाजात ओरडली, "मित्रा, धीर सोडू नकोस! साहाय्य येत आहे!" तादेओ गर्रकन वळला. टीव्हीकडे पाठ करून तो तिच्याकडे आला आणि तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला. त्या रात्री ती एफ्राइनला, तिच्या नवऱ्याला, मिठी मारून रडली होती. एफ्राइन म्हणाला, "चला, तू काम घरी आणतेस त्याचा कधी तरी उपयोग झाला." तेव्हापासून बिबो तादेओला सूप पाजायचा, बिबो दात घासायचा, बिबो त्याचे केस धुवायचा. घसा बसला तरी बिबोला सुट्टी नव्हती.

आणि तादेओ बोलायला लागला. हे ती सगळ्यांना सांगायची, बोलतो म्हणून. कसा बोलायचा ते मात्र सांगायची नाही. ती जी भाषा माइकपुढं बोलायची ती कुठल्याच गावची नव्हती. वीस देशांत माल खपावा म्हणून घासून गुळगुळीत केलेली, जिच्यात कुणी कधी शिवी दिली नव्हती, कुणी मीठ मागितलं नव्हतं, कुणी कुणाला 'ऊठ, उशीर झाला' म्हटलं नव्हतं. तादेओ तीच भाषा बोलायचा. नार्वार्ते वस्तीतल्या तोर्तियाच्या, मक्याच्या पोळ्यांच्या दुकानात रांगेत उभा राहून तो एकदा मोठ्यानं म्हणाला, "महोदया, आपल्या औदार्याबद्दल आम्ही सदैव कृतज्ञ राहू!" दुकानवाली पोट धरून हसली. "बाई गं, केवढा मोठा साहेब! कुठं शिकवता हो याला? आमचं कार्टं तर 'दे' आणि 'नाय' याच्यापुढं जात नाही." सगळी रांग हसली. ग्रिसेल्दाही हसली, व्यावसायिक हसू, आणि गरम पुडकं छातीशी धरून चालताना तिच्या मनात आलं की हा पोपट आहे. आपण पोपट पाळलाय. त्या क्षणी तिला त्याचा खरोखर तिरस्कार वाटला, नवऱ्याचा वाटतो तसा नाही, अनोळखी माणसाचा वाटतो तसा. मग चौकात त्यानं तिचा हात धरला, आपण होऊन नाही, बिबोच्या एका भागात रस्ता ओलांडताना हात धरतात म्हणून.

पडद्यावरची बाई आता कापडाची नाव हलवत होती. हे चित्रण ग्रिसेल्दानं मन लावून केलं होतं. यात्सिरीनं सांगितलं होतं की आहे तसं खेळा, तयारी नको. पण माणूस कॅमेऱ्यापुढं तयारीशिवाय जातो हेच तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिनं दिवा सरकवला, लिपस्टिक लावली, तादेओची ती कळकट बाटल्यांच्या बुचांची पेटी टेबलाच्या पायामागं लपवली, कारण ती बुचं फरशीच्या रेघांवर मांडत बसला की तो तासन् तास हलत नसे आणि चित्रात ते वाईट दिसलं असतं. पहिल्या वेळी तो उठून गेला. दुसऱ्या वेळी तो बुचांसाठी रडला. तिसरी वेळ जमली, आणि तीच तिनं आणली होती. हसू, नजर, संवाद, सगळं त्यात होतं. मनात तिनं यात्सिरीचा चेहराही रंगवला होता, कसा पडेल तो.

आता आवाज नसल्यामुळं तिच्या डोळ्यांनी त्यांचं रोजचं काम सुरू केलं. ओठ बघणं हा तिचा धंदा होता. स्टुडिओत काचेपलीकडं रेकॉर्डिंग बघणारा म्हातारा आन्सेल्मो बसायचा, इकडं कानाला हेडफोन लावून ती, समोर पडद्यावर कुण्या परक्या मुलुखातलं पात्र, आणि त्याचे ओठ सुटतील त्या क्षणी तिनं आपला शब्द त्यात सोडायचा, मिटतील त्या क्षणी मिटायचं. त्याच सवयीनं तिनं स्वतःचे ओठ पाहिले आणि मग तादेओचे. त्याचे ओठ हलत होते. 'मित्रांनो, धीर सोडू नका, नदी कितीही खवळली तरी आपली नौका तरून जाईल.' पडद्यावरची बाई ते म्हणत होती आणि तादेओ आवाज न काढता तेच म्हणत होता, तिच्याबरोबर, एक अक्षर पुढं नाही, एक मागं नाही. तो तिच्याशी बोलत नव्हता. तो तिचं डबिंग करत होता, ती बिबोचं करायची तसं. आधी तिला अभिमान वाटला, इतकं बेमालूम जुळलं होतं ते. स्टुडिओतल्या अर्ध्या लोकांना हे जमत नाही. मग तो अभिमान ओसरला. त्या खोलीत दोन माणसं होती आणि दोघंही पाणमांजराचे शब्द बोलत होती.

खिडकीखालून भंगारवाल्याची गाडी गेली, जुन्या गाद्या, जुने फ्रिज मागणारी तीच ती टेप वाजवत. यात्सिरीनं खिडकी लावून घेतली. ग्रिसेल्दाची नजर पडद्यावरून हलली नाही, कारण आता तिला आणखी काहीतरी दिसायला लागलं होतं आणि ते दिसू नये असं तिला वाटत होतं. बोलण्याआधी माणूस जो श्वास घेतो तो नेहमीच्या श्वासाहून वेगळा असतो. खांदे किंचित वर जातात, खालचा ओठ सुटतो, नजर एका जागी ठरते. डबिंगमध्ये तो श्वासही भरावा लागतो, नाहीतर पात्र बाहुलीसारखं वाटतं. बिबोचे सगळे श्वास तिला पाठ होते, तिनंच भरले होते. आणि तादेओ असे श्वास घेत होता जे बिबोचे नव्हते. एक वाक्य संपलं की तो टेबलाच्या पायाकडं बघायचा, मग तिच्याकडं, आणि त्याचे खांदे वर यायचे, ओठ सुटायचा. लगेच ती लिपस्टिकवाली बाई पुढच्या वाक्यानिशी त्याच्या अंगावर धावून जायची. खांदे खाली पडायचे. मग त्याचे ओठ निमूटपणे तिच्या वाक्यात शिरायचे, उशिरा आलेला माणूस रांगेच्या शेवटी उभा राहतो तसे. पुन्हा वाक्य संपायचं. पुन्हा खांदे. पुन्हा ती बाई. "लवकर शिरलीस, ग्रिस. परत," आन्सेल्मोचा आवाज तिला डोक्यात ऐकू आला. खुद्द आन्सेल्मोला हे तिला सांगायची वेळ कधी आली नव्हती. परक्या कार्टूनच्या तोंडात ती कधी एक निमिष लवकर शिरली नव्हती. त्या हलकट बाईकडं ती बघत राहिली, तिच्या उचललेल्या भुवयांकडं, दातांना लागलेल्या लिपस्टिककडं, तिच्या त्या न संपणाऱ्या उत्साहाकडं, आणि इतके दिवस यात्सिरीवर, टायरवाल्यावर, सगळ्या जगावर उधळलेली तुच्छता आपला पत्ता सापडल्यासारखी तिच्यावर येऊन बसली.

चित्र थांबलं. "काय दिसलं, आई?" यात्सिरीनं विचारलं.

"दिवा चुकीच्या बाजूला आहे."

"आणि?"

"आणि हनुवटीखाली मांस आलंय."

यात्सिरी हसली नाही. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली, आणि ग्रिसेल्दाला कळलं की ही पोरगी आपल्यावर प्रयोग करतेय, समोरचा बोलेपर्यंत थांबण्याचा. केवढा आगाऊपणा. मीही बसेन, तिनं ठरवलं, बघू कोण आधी बोलतं. पंखा घरघरत राहिला. "त्याला काहीतरी म्हणायचं होतं," शेवटी ती म्हणाली, सुपात केस निघाल्याची तक्रार करावी अशा आवाजात. "आणि मी मध्ये बोलत होते."

"हो," यात्सिरी म्हणाली. मग जरा खाली बघत म्हणाली, "मला पहिल्यापासून दिसत होतं. पण मी सांगितलं असतं तर तुम्ही मला माझ्याच खोलीतून बाहेर काढलं असतंत."

"काढलं असतं."

"या आठवड्यात बिबोशिवाय बसा. तो जे खेळेल त्याच्यासमोर बसा. त्यानं केलं तेवढंच तुम्ही करा. आणि थांबा."

"बिबोशिवाय तो माझ्याकडं बघणार नाही. तुम्हाला कल्पना नाही. माझ्याकडं दुसरं काही नाहीये." हे तिला म्हणायचं नव्हतं, निदान या खोलीत तरी नाही.

"नाही बघणार कदाचित," यात्सिरी म्हणाली. "तुम्ही मात्र त्याच्याकडं बघा."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, जिना उतरताना ग्रिसेल्दा पुटपुटली. बाकावर टायरवाला बसला होता. तो हसून काही बोलणार एवढ्यात तिनं पर्स उघडली आणि किल्ल्या शोधायचं नाटक केलं. बसथांब्यापर्यंत ती यात्सिरीला शिव्या देत गेली, तिच्या नाड्यांना, तिच्या मधल्या जागेला. पण त्या शिव्यांत आता पूर्वीची चव राहिली नव्हती.

ते दिवस भयंकर गेले. बिबो बोलेनासा झाला आणि तादेओनं तिच्याकडं बघणं सोडलं, एखाद्या दुकानाची पाटी उतरली की गिऱ्हाईक पुढं निघून जातं तसं. ती त्याच्यासमोर बसायची, तो तिच्याकडं पाठ करायचा. ती बूच उचलायची, तो ते तिच्या हातातून काढून घ्यायचा, तिच्याकडं न बघता, जणू ते शेल्फवरून काढलं. तिच्या तोंडात वाक्यं दाटायची, सगळी बिबोची. तिला जाणवलं की आपल्याजवळ या मुलाशी बोलायला आपलं असं एकही वाक्य नाही. एफ्राइन रात्रीच्या जेवणाला चमचा घेऊन तादेओच्या मागं फिरत होता. "दोन घास गेले फक्त," तो म्हणाला. "बोल ना गं बिबो थोडा. काय बिघडतंय? घर कसं मेल्यासारखं झालंय."

"मी बसलेय ना त्याच्याबरोबर."

"बसलीयेस, दगडासारखी. ती पोरगी सांगते आणि तू ऐकतेस? तू? आईचं ऐकलं नाहीस कधी."

"तू टीव्ही लाव त्याला, जेवेल."

त्यानं टीव्ही लावला. पलीकडच्या खोलीतून तिचाच आवाज आला, ताजा, निरोगी, कृतज्ञ, औदार्यानं ओथंबलेला, आणि तादेओ त्या आवाजापुढं बसून निमूट जेवला. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आपल्याच आवाजाचा इतका मत्सर कुणा बाईनं केला नसेल. तिला वाटलं, जावं आणि त्या पाणमांजराचं नरडं दाबावं. मग तिला वाटलं, आत जाऊन एकच वाक्य म्हणावं, एकच, आणि मुलगा वळेल, येईल, ओठांकडं बघेल. इतकं सोपं होतं ते. घशात ते वाक्य येऊन बसलंसुद्धा. तिनं नळ सोडला आणि भांडी घासत राहिली, टीव्ही बंद होईपर्यंत.

रविवारी दुपारी एफ्राइन भावाकडं गेला. तादेओनं बुचांची पेटी जमिनीवर पालथी केली आणि फरशीच्या रेघेवर मांडायला बसला, लालशेजारी लाल नाही, कसल्याशा त्याच्याच हिशेबानं. ग्रिसेल्दा त्याच्यासमोर बसली. आजही काही होणार नाही हे तिला माहीत होतं. तिचा गुडघा दुखत होता, तिला स्वतःची लाज वाटत होती, चाळिशी उलटलेली बाई बुचांपुढं फतकल मारून बसलेली. तिनं एक बूच उचललं आणि दुसऱ्या रेघेवर ठेवलं. तो मांडत राहिला. त्यानं ठेवलं की ती ठेवायची. हे किती वेळ चाललं तिला कळलं नाही. मधेच केव्हातरी तिनं त्याच्याकडून काही मिळण्याची वाट बघणं सोडून दिलं आणि नुसती त्याची बोटं पाहू लागली. तो बूच ठेवण्याआधी दर वेळी अंगठ्यानं त्याची कड चाचपायचा. वाकलेली असली तर बाजूला टाकायचा. सहा वर्षांत हे तिनं पाहिलं नव्हतं. तीही कड चाचपू लागली. एक वाकलेलं निघालं, तिनं ते बाजूला टाकलं. त्याचा हात थांबला.

त्याची रांग तिच्या पायाशी येऊन अडली होती. त्यानं तिच्या गुडघ्याकडं बघितलं, मग वर, तिच्या ओठांकडं नाही, त्याच्याही वर. त्याचे खांदे किंचित उचलले गेले. खालचा ओठ सुटला. तिच्या जिभेवर शब्दांची झुंबड उडाली, काय हवं, सांग ना बाळा, धीर सोडू नकोस मित्रा, आणि तिनं दात एकमेकांवर असे दाबले की कानशिलं ठणकली. तो श्वास आत गेला आणि तसाच बाहेर आला, रिकामा. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. ती हलली नाही. खांदे पुन्हा वर गेले.

"सरक," तादेओ म्हणाला.

आवाज घोगरा होता, जाडसर, नाकात थोडा शेंबूड असलेला, गल्लीतल्या कुठल्याही पोराचा असतो तसा. तो आवाज तिनं आधी कधी ऐकला नव्हता. कुठल्याही स्टुडिओत तो कुणी वापरला नसता. त्यात कृतज्ञता नव्हती, औदार्य नव्हतं, साधी अदबसुद्धा नव्हती. रस्त्यात आडव्या आलेल्या बाईला सांगावं तसं त्यानं तिला सांगितलं होतं, तिला, आणखी कुणाला नाही.

ती सरकली. तिच्या गुडघ्याखालची रेघ मोकळी झाली आणि त्यानं बूच ठेवलं, मग दुसरं ठेवलं, तिच्याकडं न बघता. ग्रिसेल्दानं डोळे पुसले नाहीत, कारण हात हलवला तर त्याला आवाज होईल असं तिला वाटलं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं आणि त्याच्या खांद्यांकडं बघत बसून राहिली.